पांढरीवरची गल्ली, माळावरची लाईन

आमच्याकडं गावाच्या जमिनीचे दोन भाग. पिकते ती काळी आणि माणूस राहतो ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या घरं पडली, त्याच मातीवर पुन्हा उभी राहिली, चुलीची राख आणि जुन्या भिंतींची माती साचत गेली आणि गाव हळूहळू उंच होत गेलं. लातूर-उस्मानाबादच्या तेरणाकाठी लांबून पाहिलं की पिकाच्या वर उठलेली ती टेकाडासारखी पांढरी दिसायची. मधोमध गढी नाहीतर बुरूज, आणि त्याला बिलगून घरं. भिंतीला भिंत, माळवदाला माळवद. एका टोकाला माळवदावर चढलेलं पोरगं खाली न उतरता दुसऱ्या टोकाला जाऊ शकायचं.

एवढ्या दाटीनं का बांधलं, असं विचारलं की जुनी माणसं दोन कारणं सांगायची. एक, काळी वाया घालवायची नाही. दुसरं, भीती. पेंढाऱ्यांच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या, रझाकार मात्र डोळ्यांनी बघितलेले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झालं, निजामाचं राज्य संपलं. त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं दिवस मावळला की वेशीची दारं लागायची. एका घरात हाक मारली की चार घरांत ऐकू गेलं पाहिजे, हा त्या वेळचा बांधकामाचा नियम होता म्हणा ना.

म्हाताऱ्या माणसांचा विचार करून कुणी गल्ल्या अरुंद ठेवल्या नव्हत्या. पण त्या गल्ल्यांमुळं म्हातारी माणसं शेवटपर्यंत स्वतःच्या पायावर हिंडत होती, हे मला फार उशिरा, गल्ल्या गेल्यावर कळलं. आमच्याकडं म्हातारपणाचं एकच मागणं असतं. हातपाय चालत असतानाच डोळे मिटावेत, कुणाच्या हाताकडं बघायची पाळी येऊ नये. हे आपण देवाकडं मागतो. त्यातलं निम्मं देणं वाटेवरच्या भिंतीच्या, उंबऱ्याच्या आणि समोरच्या घरातल्या माणसाच्या हातात असतं.

माझ्या आज्जीला दिसत नव्हतं. म्हणजे अगदी आंधळी नव्हती, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरून ओळखायची. आज्जा गेल्यावर ती आमच्या वाड्यात आली नाही. बोळाच्या तोंडाशी असलेल्या आपल्या दोन खणांच्या घरात एकटी राहिली. माझे वडील रोज म्हणायचे, "इकडं ये." ती म्हणायची, "मला काय झालंय?" आणि खरंच तिला काही झालेलं नव्हतं.

सकाळी दार उघडलं की डावा हात भिंतीवर. भिंत दगडाची, वर पांढऱ्या मातीचा गिलावा. बोट फिरवत निघाली की पहिला खळगा म्हणजे वाण्याच्या काकीचा दिवळीचा कोनाडा. तिथून गुळगुळीत दगड लागला की जंगमाचा ओटा. ओटा संपला की भिंत सुटते, दोन पावलं मोकळी, आणि मग आडाचं कठडं. घरापासून आडापर्यंत चाळीस पावलं. आडावरून उजवीकडं वळलं की मारुतीचा पार, त्याच्या मागं गिरणी, गिरणीला लागून किराणा. तिचं सगळं जग दीडशे-दोनशे पावलांत होतं आणि त्यातलं एकही पाऊल तिला कुणी हात धरून टाकावं लागत नव्हतं.

मध्ये ओटे होते. ओटा म्हणजे काय, ते ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून कळत नाही. दाराच्या दोन्ही अंगांना गुडघ्याएवढ्या उंचीचा दगडी बाक समजा, पण बाक नव्हे. तो घराचा असतो आणि गल्लीचाही असतो. कुणीही टेकावं, विचारायचं कारण नाही. म्हातारं माणूस चालतं ते पायानं कमी आणि टेकण्याच्या आशेनं जास्त. पुढं वीस पावलांवर बसायला मिळणार आहे हे माहीत असलं की ते वीस पावलं चालतं. आज्जी दोनशे पावलं चालत नव्हती, वीस-वीस पावलं दहा वेळा चालत होती.

आणि टेकली की विचारणा व्हायची. "कुठं जालालीस गं माय?" हा प्रश्न आमच्या गल्लीत दिवसातून शंभरदा ऐकू यायचा. शहरातून आलेल्या पाहुण्यांना तो भोचकपणा वाटायचा. तसा तो होताही. पण त्या प्रश्नाचा एक हिशेब असायचा. सकाळी आडाकडं गेलेली म्हातारी दहाला परत आली नाही, तर ज्या तीन ओट्यांवर तिनं उत्तर दिलेलं असायचं त्यांतल्या एका ओट्यावरून कुणीतरी उठायचं. एकदा आज्जीनं दिवस उगवून कासराभर वर आला तरी दार उघडलं नाही. वाण्याच्या काकीनं कडी वाजवली, मग आमच्याकडं निरोप धाडला. आज्जीला रात्री थंडी वाजून ताप भरला होता. डॉक्टर आला, सुई दिली, आणि चौथ्या दिवशी ती पुन्हा भिंतीला हात लावून आडावर. तिला "सांभाळणारं" असं कोणी नव्हतं. ती सांभाळली जात होती आणि ते तिला जाणवतही नव्हतं, हेच त्यातलं बरं होतं.

पाण्याची गोष्ट जरा वेगळी सांगायला पाहिजे. आडाला गडगडी होती, पण म्हातारीच्या अंगात दोर ओढायचं बळ नसतं. त्यामुळं आडावर कुणीतरी तरणी सून तिची घागर भरून द्यायची, आणि आज्जी ती अर्धी घागर स्वतः कमरेवर घेऊन यायची. १९७२ च्या दुष्काळात आड आटले, सुकडी खाऊन माणसांनी खडी फोडली, आणि त्यानंतर गावोगाव बोअर पडले, हापसे आले. आमचा हापसा वेशीबाहेर बसवला, कारण बोअरची गाडी गल्लीत शिरत नव्हती. पाणी चांगलं लागलं. पण वेशीबाहेर जायला म्हाताऱ्यांना ना भिंत होती, ना ओटा. हापसा आल्यावर दोन-तीन म्हाताऱ्या पाण्यापुरत्या सुनांच्या स्वाधीन झाल्या. आज्जी मात्र आड पुन्हा भरेपर्यंत कळ काढून होती आणि भरल्यावर पुन्हा आडावरच गेली. सोय कुठं उभी करायची हे गाडीच्या रुंदीवरून ठरतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता पारावरची म्हातारी माणसं. पार पुरुषांचा. बायका तिथून जाताना पदर डोक्यावर घेऊन, चप्पल हातात घेऊन जायच्या. ते मला लहानपणीही आवडत नसे, आणि आता आठवणींत पार गोड करून सांगणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पण पारावर एक होतं. तिथं बसलेल्या म्हाताऱ्याला काम असायचं. कुणाची गाय कुणीकडं गेली, मळणीला माणूस कुठं मिळंल, तलाठी कधी आला होता, पोस्टमन येऊन गेला का. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा तो थेट पारावर. अंगठा तिथंच उठायचा, पैसे तिथंच मोजून हातात. निराधार योजनेच्या पगारासाठी कुणाला गाडी करून तालुक्याला जावं लागत नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. त्याच्या आदल्या वर्षीही किल्लारीच्या आसपास धक्के बसत होते, लोकांनी काही रात्री अंगणात काढल्या होत्या, मग सवय झाली आणि पुन्हा आत झोपायला लागले. मी लातूरला कॉलेजात होतो. सकाळी निघालो, दुपारी गावाच्या शिवेवर पोचलो, तर गाव दिसेना. बुरूज अर्धा उभा होता, त्यावरून दिशा कळली.

हे लिहिताना मी अडखळतो, कारण इतका वेळ ज्या भिंतींचं कौतुक केलं त्याच भिंतींनी माणसं मारली. दोन-दोन अडीच-अडीच फूट जाडीच्या, दगड नुसते मातीत बसवलेले, आणि डोक्यावर माळवदाची माती. उन्हाळ्यात गार राहावं, पाऊस गळू नये म्हणून दर वर्षी त्यावर पांढरी ओढायची, त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं वर साठलेलं. हलली तशी भिंत आतबाहेर फुटली आणि वरचं सगळं खाली आलं. गल्ल्या अरुंद, म्हणून दोन्ही बाजूंचा ढिगारा मधे पडला आणि वाटच उरली नाही. बाहेरून आलेल्या माणसांना, जवानांना आत शिरायला ढिगाऱ्यावरून चढावं लागलं, आणि त्यांच्या पायांखाली माणसं होती. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. वाण्याची काकी गेली, जंगमाच्या घरात एक पोर तेवढं वाचलं. आज्जी वाचली, कारण त्या रात्री आमच्या चुलत्याच्या आखाड्यावर होती. पत्र्याच्या कोपीत झोपली होती. नंतर ती एवढंच म्हणायची, "भिंतीला हात लावावा वाटत न्हाई." पुढं आठ-नऊ वर्षं जगली, पण भिंतीला हात लावून चालताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

म्हणून जुनी गल्ली होती तशी परत पाहिजे, असं मी कधीही म्हणणार नाही. नवी घरं पडणार नाहीत, आमची लेकरं रात्री निर्धास्त झोपतात. त्याच्याएवढं मोठं दुसरं काही नाही. मला सांगायचंय ते त्याच्या पलीकडचं.

सरकारनं ठरवलं की जास्त पडझड झालेली आणि काळ्या मातीचा थर खोल असलेली गावं जागेवरून हलवायची. अशी बावन्न गावं. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातल्या संस्थांनी गावं दत्तक घेतली. नवी जागा मुरमाड माळावर, काही गावांना कोस-दीड कोस लांब. घरांचे तीन आकार. ज्याला जमीन नाही किंवा हेक्टरापर्यंत आहे त्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. घर मिळेस्तोवर पत्र्याच्या शेडांत राहायचं. आम्ही तीन उन्हाळे पत्र्यात काढले. उन्हाळ्यात पत्रा तव्यासारखा तापायचा, तरीही म्हाताऱ्या माणसांना ते शेड बरे होते, असं माझं मत आहे. शेडला शेड लागून, मधे फक्त पत्रा. पलीकडं खोकलं तरी अलीकडं कळायचं. आज्जी शेडच्या कडेनं हिंडत होती. पत्र्याला हात लावायला तिची ना नव्हती. शेजारी बागवानाची चाची आली होती, जुन्या गावात तिचं आणि आमचं फारसं जाणंयेणं नव्हतं. इथं आज्जीची घागर तीच भरायची.

मग घरं तयार झाली, आणि आखणी करणाऱ्यांनी कागदावर जी रेघ मारली होती तीवर आम्ही राहायला गेलो. चाळीस फुटी रस्ते, सरळ, एकमेकांना काटकोनात. घराच्या चारी बाजूंना मोकळी जागा. पुन्हा कधी धरणी हलली तर ढिगारा रस्त्यावर येऊ नये, गाडी आत यावी. हेतू चांगलाच होता. पण गाव जुन्यापेक्षा कितीतरी पट पसरलं. मोठ्या शेतकऱ्यांची घरं एका बाजूला, मधली मधे, अडीचशेवाली शेवटी. जंगमाचा वाचलेला पोरगा चुलत्याबरोबर पहिल्या लाईनीत, आम्ही चौथ्या, चाची अकराव्या. आज्जी विधवा आणि वेगळं घर चालवणारी, म्हणून तिच्या नावावर अडीचशेचं घर निघालं. दहाव्या लाईनीत. कागदावर ती मालकीण झाली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर घर झालं, आणि त्या घरात ती एकटी राहू शकली नाही.

का राहू शकली नाही? घर पक्कं होतं, वीज होती, पुढं नळाचा स्टँड. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की समोर चाळीस फूट उघडं रान. हात लावायला काही नाही. सगळी घरं एका साच्यातली, एका रंगाची. मोकळ्या डोळ्यांची माणसंसुद्धा पहिल्या महिन्यात चुकून दुसऱ्याच्या घरात शिरायची, त्यावरून हसू व्हायचं. म्हाताऱ्यांचं हसू होत नाही. एक म्हातारा संध्याकाळी लघवीला बाहेर पडला आणि चार लाईनी पलीकडं एका दारात बसून राहिला, घरच्यांना रात्री नऊला सापडला. त्यानंतर त्याला एकट्याला सोडायचं नाही असं ठरलं. त्याच्या सुनेनं दाराला हिरवं फडकं बांधलं, पण तो बाहेर पडलाच नाही. किराणा दुकान आता अर्ध्या किलोमीटरवर. मधे टेकायला ओटा नाही, कारण नव्या घरांच्या नकाशात ओटाच नव्हता. झाड नाही. मे महिन्यात मराठवाड्यातल्या डांबरी रस्त्यावरून म्हाताऱ्या माणसानं अर्धा किलोमीटर जावं आणि यावं, हे कागदावर रेघ मारताना कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आज्जी आमच्या घरी आली. वडिलांना आनंद झाला. "आता कशी माणसांत आलीस," ते म्हणाले. आई तिला सगळं हातात द्यायची. पाणी हातात, ताट हातात. सहा महिन्यांत आज्जी बसल्या जागेवरची झाली. पुढं एका शिबिरात तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. नीट दिसायला लागलं, अगदी सुईत दोरा ओवण्याइतकं. मला वाटलं, आता ही पुन्हा हिंडेल. ती दारात येऊन उभी राहायची, डावीकडं बघायची, उजवीकडं बघायची, आणि आत जायची. एकदा मी म्हणालो, "आज्जी, आता दिसतंय की तुला. जा की चाचीकडं." ती म्हणाली, "दिसतंय म्हणूनच जाऊ वाटत न्हाई. किती लांब हाय ते दिसतंय."

डोळे नव्हते तेव्हा ती एकटी राहत होती आणि डोळे आल्यावर परावलंबी झाली. माझी तिच्यावर माया होती म्हणून हे सांगत नाही. गुडघे, डोळे, कान यांचंच बोलणं म्हातारपणाच्या चर्चेत चालतं, आणि डॉक्टरकडं गेलं की तेच तपासतात. दार उघडल्यावर पुढं काय आहे, हे कुणी तपासत नाही.

पण हे सगळ्यांचं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. जुन्या गावात वेशीबाहेर, ओढ्याकडं, दलित वस्ती होती. तिथली एक म्हातारी आमच्या शेतात खुरपायला यायची. मी एकदा नव्या गावात तिच्यापुढं जुन्या गल्लीचं असंच काहीतरी गुणगान लावलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमची गल्ली तुमाला गोड, लेकरा. आमाला त्या वट्यावर कोण टेकू देत हुतं? आडाच्या कठड्याला हात लावला असता तर?" जुन्या गावात ती पाण्यासाठी ओढ्यातल्या झिऱ्यावर जायची, कितीही वय झालं तरी. नव्या गावात नळ तिच्या दारासमोर होता आणि चाळीस फुटी रस्ता तिचाही होता. तिथून चालताना कुणासाठी बाजूला सरायचं कारण नव्हतं. तीही म्हातारी होती, तिचेही गुडघे दुखत होते, पण तिचं हिंडणं नव्या गावात वाढलं. सुनांचंही तसंच. पार नसल्यामुळं पदर सावरत, नजरा चुकवत जायची गरज उरली नाही. त्यांच्यातल्या काही जणी आज साठीच्या पुढं आहेत आणि जुन्या गावाचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. म्हणून माझ्या आज्जीचा अनुभव सगळ्या गावाचा अनुभव म्हणून मी सांगू शकत नाही. तो भिंतीच्या आतल्यांचा अनुभव आहे.

तरी तुलना करायला मला एक गाव आहे, माझ्या आत्याचं. आमच्यापासून सात-आठ कोसांवर. तिथं पडझड कमी झाली, म्हणून गाव हलवलं नाही. घरं जागेवरच दुरुस्त केली. भूकंपानंतर अशी लाखाहून जास्त घरं दुरुस्त झाली, पण त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण तिथं उद्घाटनाची फीत कापायला काही नव्हतं. माळवदावरची माती उतरवून हलकी केली, भिंतींत आरपार दगडासारखे सिमेंटचे जोड घातले, वर पट्टी ओढली. गल्ली तीच राहिली, ओटे तेच राहिले. आत्या आता पंचाऐंशीच्या घरात आहे. मुलं पुण्याला. ती एकटी राहते, सकाळी देवळात जाते, गिरणीत जाते, येताना चार ठिकाणी टेकते. तिच्या गुडघ्यांचे फोटो मी पाहिलेत. डॉक्टरनं ते बघून विचारलं होतं, "या चालतात?"

आखणी करणाऱ्यांत वेगळा विचार करणारं कुणी नव्हतंच असंही नाही. मलयाळ मनोरमा या वृत्तपत्रानं दत्तक घेतलेल्या औसा तालुक्यातल्या एका गावाचं काम लॉरी बेकर यांच्याकडं होतं. त्यांनी सरळ लाईनी न मारता घरं चौकाभोवती घोळक्यानं बसवली, म्हणजे दार उघडलं की समोर दार. तिकडच्या सोयऱ्यांकडं गेलो की मी मुद्दाम म्हातारी माणसं कुठं बसलीत ते बघतो. चौकात बसलेली असतात. पण बावन्नांत अशी गावं थोडी.

पुढच्या तीस वर्षांत आमच्या गावानं जे केलं ते कुठल्या नकाशात नाही. पहिली दोन-तीन वर्षं लोक जुन्या गावाकडं पाय ओढत जायचे. मारुती तिथंच होता ना. म्हातारी माणसं शनिवारी दीड कोस चालत जायची, परतताना एखादी बैलगाडी नाहीतर टेम्पो मिळायचा. मग काहींनी येताना जुन्या ओट्यांचे दगड आणायला सुरुवात केली. आधी एकानं ट्रॅक्टरमधून आणले, मग रांग लागली. नव्या घराला जुन्या दगडाचा ओटा. त्याच्यावर सावलीला पत्रा. पत्र्याला दोन लोखंडी खांब. शेजाऱ्यानं त्याला जोडून आपला पत्रा टाकला. कुणी पुढं किराण्याची टपरी काढली, कुणी पिठाची गिरणी घरातच बसवली. कडुनिंब लावले होते ते चांगले वाढले. सातव्या लाईनीत तर दोन्ही बाजूंनी पत्रे पुढं येऊन रस्ता पंधरा फुटांवर आलाय. तिथं म्हाताऱ्या बायका खांबाला धरून एका सावलीतून दुसऱ्या सावलीत जातात. बागवानाची चाची, आता नव्वदीच्या आसपास, तिथूनच सुनेच्या माहेरच्यांकडं जाते, कुणाला न सांगता.

सरकारनंही काही केलं नाही असं नाही. श्रावणबाळ योजनेचे पैसे महिन्याला पंधराशे झाले. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट. आमची माणसं त्यावर खूश आहेत. पण एसटी थांबते फाट्यावर, आणि फाटा गावापासून दीड किलोमीटर. पंढरपूरपर्यंत तिकीट नाही, फाट्यापर्यंत मोटारसायकलवाल्या नातवाच्या मिनतवाऱ्या. पैसे बँकेत येतात, बँक सहा किलोमीटरवर, आणि आयुष्यभर खुरपं धरलेल्या बोटांचा अंगठा मशीनवर उमटत नाही. तीन-तीन हेलपाटे होतात. पारावर शाईचा अंगठा उठवून घेणारा पोस्टमन आठवून म्हातारी माणसं हसतात. ते हसू मला बघवत नाही.

गेल्या वर्षी सातव्या लाईनीला नोटीस आली. अतिक्रमण. रस्ता मूळ नकाशाप्रमाणं चाळीस फुटी करायचा, पत्रे आणि ओटे काढून घ्यायचे. कायद्यानं बघितलं तर नोटीस बरोबर आहे. रुग्णवाहिका आत यायला अडचण होते, हेही खरं. ग्रामसभेत तरणी पोरं दोन्ही बाजूंनी भांडली. मी गेलो होतो. मी एवढंच मांडलं की रस्ता एका बाजूनं मोकळा करा, दुसऱ्या बाजूची सावली आणि ओटे राहू द्या. त्यावर एकानं विचारलं, कुठली बाजू? मग दोन्ही बाजूंचे लोक उठले.

चाची कधी ग्रामसभेत बोलली नव्हती. त्या दिवशी तिला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. ती म्हणाली, "पत्रा काढा. दगड ऱ्हाऊ द्या. मी दगडाला बसते, पत्र्याला न्हाई."

टेप घेऊन आलेल्या माणसांनी मोजमाप करून चुन्याच्या खुणा केल्यात. काही ओटे खुणेच्या आत आलेत, काही बाहेर. चाचीच्या दारातला दगड अर्धा आत, अर्धा बाहेर आहे. त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.